खेळ कोणाच्या मालकीचा?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे तालुक्याचे गाव हळदीसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या आरंभी लावलेले कंद आठ-नऊ महिने जमिनीखाली वाढतात. मग ते खणून काढावयाचे, शिजवावयाचे, उन्हात वाळवावयाचे आणि घासून त्यांना चकाकी आणावयाची, असा हा दीर्घ उद्योग आहे. या भागातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे श्रम करून आपल्या हळदीला जो लौकिक मिळवून दिला, त्याला २०२४ साली कायद्याची मान्यता मिळाली. ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. हळद पिकवण्यास अर्थातच कोणालाही मनाई नाही. ती सांगलीकडे पिकते, तेलंगणात पिकते, तमिळनाडूतही पिकते. परंतु अन्यत्र पिकलेली हळद पोत्यात भरून त्या पोत्यावर वसमतचे नाव घालणे मात्र कायद्याविरुद्ध आहे. पीक कोणीही काढावे. पण दुसऱ्याने कमावलेल्या नावावर आपला माल खपवू नये, असा या मानांकनाचा अर्थ आहे.

जमीन, विहीर, बैलजोडी या वस्तूंना मालक असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या डोळ्यांना दिसतात. त्यांना हद्द घालता येते. परंतु मनुष्याच्या बुद्धीतून निर्माण झालेल्या काही गोष्टी अशा आहेत, की त्यांना कुंपण घालता येत नाही. गोष्ट, गीत, चित्र, शोध, नाममुद्रा या अशा गोष्टी होत. त्यांनाही मालक असतो. या मालमत्तेला ‘बौद्धिक संपदा’ असे म्हणतात. हिचा एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. बैल चोरीस गेला, की मालकाचा गोठा रिकामा होतो. गोष्टीची नक्कल केली, तर मूळ गोष्ट लेखकाजवळ राहतेच. म्हणूनच ‘नक्कल केली तर कोणाचे काय गेले?’ असा प्रश्न पुष्कळांच्या मनात उभा राहतो.

हा प्रश्न आजकाल मुलांच्या संबंधात वारंवार उद्भवतो, आणि तो व्हिडिओ गेमच्या निमित्ताने. एखादा खेळ खेळता खेळता मुलाला त्याची इतकी गोडी लागते, की त्यातीलच नायक घेऊन, त्यातीलच नगरे व राक्षस घेऊन आपणही एक नवा खेळ रचावा, असे त्याला वाटू लागते. पूर्वी हे काम केवळ तज्ज्ञांचे होते. आता तसे राहिलेले नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाचे साधन सर्वांसाठी खुले केले. त्याच्या साहाय्याने दहा-बारा वर्षांची मुलेही खेळ तयार करू शकतात, आणि इंटरनेटमुळे तो खेळ जगभर पोहोचवणे हे तर क्षणाचे काम झाले आहे. मूळ खेळाच्या चाहत्यांनी अशा रीतीने केलेल्या खेळांना चाहत्यांचे खेळ म्हणता येईल. असे खेळ करणे आणि वाटणे कायद्याला मान्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. कारण व्हिडिओ गेम ही एकच वस्तू दिसत असली, तरी तिच्यात अनेक वस्तू एकत्र आलेल्या असतात. खेळाचे नियम असतात. ते नियम संगणकाला समजावून सांगणारी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम असतो. चित्रे, संगीत, पात्रे व कथा असते. आणि या सर्वांवर एक नाव असते. कायदा या प्रत्येक अंगाकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहतो.

प्रथम नियमांचा विचार करू. नियम ही मूलतः कल्पना आहे, आणि कल्पनेवर कोणाचीही मालकी नसते. आपल्याकडील मोक्षपट हा खेळ याचे चांगले उदाहरण आहे. हा पट ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा सांगते. सद्गुणांच्या शिड्यांनी वर चढावयाचे आणि दुर्गुणांच्या सापांनी खाली यावयाचे, अशी त्याची योजना होती. पुढे हा भारतीय खेळ इंग्लंडात गेला आणि सापशिडी म्हणून घरोघरी पोहोचला. आज कोणीही सापशिडीचा पट छापावा किंवा संगणकावर उतरवावा. त्याला परवानगीची आवश्यकता नाही.

कल्पना आणि कृती यांतील हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका निर्णयात स्पष्ट केला. आर. जी. आनंद या नाटककारांचे म्हणणे असे होते, की आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट बेतला आहे. प्रांतभेदाच्या भावनेमुळे होणारा दुजाभाव हा दोहोंचा विषय होता. न्यायालयाने सांगितले, की विषय किंवा कल्पना यांवर कोणाचा हक्क पोहोचत नाही. त्या कल्पनेला लेखकाने दिलेले विशिष्ट रूप मात्र त्याचे असते. चित्रपटातील रूप पुरेसे भिन्न असल्याने नाटककारांचा दावा मान्य झाला नाही.

चाहत्यांच्या खेळाचाच एक खटला २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवण्याचा खेळ जगप्रसिद्ध आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने तो १९३० नंतरच्या दशकात रचला. कोलकात्याच्या रजत व जयंत अगरवाला या बंधूंना या खेळाची आवड होती. त्यांनी तसाच खेळ इंटरनेटवर आणला आणि त्याला ‘स्क्रॅब्युलस’ असे नाव दिले. फेसबुकवर तो येताच लक्षावधी लोक खेळू लागले. तेव्हा स्क्रॅबलचे हक्क असलेल्या मॅटेल कंपनीने भारतात दावा लावला. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. खेळाचा पट आणि नियम यांवर कंपनीने सांगितलेला स्वामित्वहक्क न्यायालयाने ग्राह्य मानला नाही. कारण हे नियम सांगण्याचा मार्गच इतका मर्यादित होता, की कल्पना आणि रूप वेगळी काढणे शक्य नव्हते. परंतु ‘स्क्रॅबल’ हे नाव कंपनीचे नोंदलेले व्यापारचिन्ह होते. त्याच्याशी मिळतेजुळते नाव वापरण्यास अगरवाला बंधूंना मनाई करण्यात आली. त्यांचा खेळ पुढे ‘लेक्स्युलस’ या नव्या नावाने चालू राहिला. म्हणजे वसमतच्या हळदीस जो न्याय, तोच येथे लागू पडला. पीक काढण्यास हरकत नाही. नाव मात्र घेता येणार नाही.

आता खेळाच्या रूपाकडे वळू. भारतात स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा कायदा १९५७ साली संमत झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. लेखन, संगीत, चित्रे, नाटके व चित्रपट यांना तो संरक्षण देतो. १९८४ साली त्यात दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीलाही साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण मिळाले. कृती निर्माण होताच हा हक्क उत्पन्न होतो; त्यासाठी सरकारदरबारी नोंद करावी लागत नाही. कृतीच्या प्रती काढणे, तिच्यावरून दुसरी कृती बेतणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे हे अधिकार हक्कदाराचे असतात.

एक उदाहरण घेतले, म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. समजा, वसमतच्या एखाद्या शाळेतील काही विद्यार्थ्यांना ‘फास्टर फेणे’ या नायकावर खेळ रचण्याची इच्छा झाली. भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेला हा चपळ, धाडसी मुलगा मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांचा लाडका आहे. सायकलवरून भरधाव जाऊन चोरांचा माग काढणारा मुलगा, ही नुसती कल्पना सर्वांची आहे. तशा मुलावर कोणीही खेळ रचू शकेल. परंतु त्याचे नाव फास्टर फेणे ठेवले, त्याचे रूप व बोलण्याच्या लकबी तशाच ठेवल्या, भागवतांच्या कथांतील प्रसंग घेतले आणि पुस्तकांतील चित्रे उचलून पडद्यावर आणली, तर ती भागवतांच्या आणि चित्रकारांच्या कृतीवरून बेतलेली कृती होईल. भागवतांचे निधन २००१ साली झाले. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा त्याने ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहतो. म्हणून २०६१ साल संपेपर्यंत अशा खेळासाठी हक्कदारांची परवानगी लागेल.

यावर ते विद्यार्थी म्हणतील, “आम्ही खेळाचे पैसे घेणार नाही. आम्ही तो फुकट वाटू. मूळ लेखकाचे नावही देऊ.” ही भावना प्रामाणिक आहे. तथापि कायद्याच्या दृष्टीने ती पुरेशी नाही. परवानगीवाचून प्रती काढणे व लोकांपर्यंत पोहोचवणे हाच हक्काचा भंग आहे. नफा झाला की नाही, हा प्रश्न पुढचा. जाणूनबुजून असा भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा कायद्यात सांगितली आहे. व्यापारात लाभ मिळवण्याचा उद्देश नसेल, तर कारणे नमूद करून न्यायालय ही शिक्षा सौम्य करू शकते. ‘हक्कभंग करण्याचा हेतू नाही’ असे वाक्य खेळाच्या आरंभी लिहिण्याची प्रथा आहे. मात्र असे वाक्य लिहून परवानगी मिळत नाही. दुसऱ्याच्या मळ्यातील ऊस तोडून तो वाटसरूंना फुकट वाटला, तरी मालकाला विचारावयाचे राहूनच जाते.

मग घरी बसून, स्वतःच्या अभ्यासासाठी काही करावयाचे असेल तर? येथे कायदा उदार आहे. खाजगी उपयोग, संशोधन, टीका किंवा परीक्षण यांसाठी कृतीचा रास्त उपयोग करण्यास तो मुभा देतो. शिक्षणाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कृतीचा उपयोग करण्यासही सवलत आहे. वहीत फास्टर फेणेचे चित्र काढल्याने कोणी दोषी ठरत नाही. मात्र खाजगी उपयोगाच्या या सवलतीतून संगणकाची आज्ञावली वगळलेली आहे. तिच्यासाठी वेगळ्या आणि अधिक मर्यादित सवलती आहेत. विकत घेतलेल्या आज्ञावलीची प्रत ती नष्ट होण्याच्या भीतीने जपून ठेवता येते. परंतु ती प्रत मित्रांत वाटता येत नाही. घरातील वही आणि जगभर उघडलेले इंटरनेट यांत हा मोठा फरक आहे. इंटरनेटवर ठेवलेल्या कृतीविषयी हक्कदाराने लेखी तक्रार केली, तर ती उपलब्ध करून देणाऱ्या संस्थेस २१ दिवसांपर्यंत किंवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत तिचा मार्ग बंद ठेवावा लागतो, अशी आपल्या कायद्यात तरतूद आहे.

असे झाले म्हणजे चाहत्याचे किती नुकसान होते, हे २०१६ सालच्या एका घटनेवरून दिसून येईल. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘मेट्रॉइड’ हा खेळ १९८६ सालचा. त्याचा दुसरा भाग १९९१ साली निघाला. अर्जेंटिनातील मिल्टन ग्वास्ती या चाहत्याने हा दुसरा भाग नव्या रूपात घडवण्यासाठी फावल्या वेळात सुमारे दहा वर्षे परिश्रम केले आणि मूळ खेळाच्या तिसाव्या वाढदिवशी, ६ ऑगस्ट २०१६ रोजी, तो विनामूल्य खुला केला. थोड्याच दिवसांत कंपनीच्या तक्रारीवरून तो ठिकठिकाणांहून काढून टाकण्यात आला आणि ग्वास्तीला आपले काम थांबवावे लागले. पुढील वर्षी कंपनीने स्वतःच त्या भागाची नवी आवृत्ती बाजारात आणली. चाहत्याचे प्रेम खरे होते, कौशल्यही थोर होते. परंतु ज्या भूमीवर त्याने घर बांधले, ती भूमी त्याची नव्हती.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. ‘हाफ-लाइफ’ या खेळाच्या कंपनीने खेळाडूंना आपल्या खेळात फेरफार करण्याची साधने स्वतःहून दिली होती. त्यांचा उपयोग करून दोन तरुणांनी १९९९ साली ‘काउंटर-स्ट्राइक’ हा नवा खेळ रचला. तो इतका लोकप्रिय झाला, की २००० साली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्या तरुणांना आपल्याकडे काम दिले. ऑस्ट्रेलियातील ख्रिश्चन व्हाइटहेड हाही ‘सॉनिक’ या खेळाचा चाहता होता. तो स्वतःच्या हौसेने त्या धर्तीचे खेळ रचीत असे. त्याचे कौशल्य पाहून सेगा कंपनीने त्याच्याशी करार केला, आणि त्याने सहकाऱ्यांसह तयार केलेला ‘सॉनिक मॅनिया’ हा खेळ २०१७ साली कंपनीच्याच नावाने प्रसिद्ध झाला. या दोन्ही घटनांत चाहत्यांचे कौशल्य ग्वास्तीपेक्षा अधिक होते, असे नाही. फरक होता तो हक्कदाराच्या संमतीचा.

कधी कधी ही संमती आधीच दिलेली असते. वर उल्लेखिलेल्या ‘स्क्रॅच’वर जो खेळ सर्वांसाठी खुला केला जातो, तो इतरांनी घ्यावा, बदलावा व पुन्हा वाटावा, अशी तेथे मुभाच असते. अट एवढीच, की मूळ कर्त्याचे नाव द्यावे आणि आपली नवी कृतीही त्याच अटींवर इतरांना खुली ठेवावी.

मूळ कर्त्याचे नाव राखण्याची ही रीत मराठी माणसाला नवी नाही. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या अभंगांत शेवटी त्यांचे नाव गुंफलेले असते. अभंग कोणीही गावा, त्याला दाम नाही. पण तो कोणाचा, हे विसरू नये, अशी ती व्यवस्था आहे. तसेच, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत कालांतराने पुष्कळ फेरफार शिरले होते, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे तिच्यात कोणी आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय, असा इशारा त्यांनी दिला. आजच्या कायद्यातील ५७ वे कलम हेच तत्त्व सांगते. लेखकाने हक्क विकला, तरी आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या विपर्यासाला हरकत घेण्याचा त्याचा अधिकार राहतोच.

स्वामित्वहक्क मात्र अक्षय नसतो. मुदत संपली, की कृती सर्व समाजाची होते. पूर्वी ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा कायद्यात बदल करून ती ६० वर्षे करण्यात आली. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची ‘श्यामची आई’ सर्वांसाठी मोकळी झाली. तिच्यावर आज कोणीही खेळ रचू शकतो. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटातील संवाद किंवा नंतरच्या चित्रकारांनी काढलेली चित्रे या मात्र निराळ्या कृती होत. त्यांच्या मुदतीचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. संतांचे मूळ अभंग, पंचतंत्रातील कथा आणि पुराणांतील आख्याने हे तर फार पूर्वीपासूनच सार्वजनिक धन आहे. व्यापारचिन्ह आणि भौगोलिक मानांकन यांची नोंद मात्र दर १० वर्षांनी पुन्हा करता येते, आणि म्हणून त्यांचे संरक्षण दीर्घकाळ चालू राहू शकते.

कायद्याने एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने त्याला मुदत घातली, यामागे हेतू आहे. लेखकाच्या श्रमाचे फळ कोणीही लुबाडू लागला, तर पुढचे पुस्तक कोण लिहील? उलट, हक्क अनंतकाळ चालला, तर नव्या लेखकाने आपली कृती कशातून घडवावी? स्वतः भागवतांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत कादंबऱ्या मराठी मुलांसाठी आणल्या आणि त्यासोबत आपला स्वतंत्र नायकही घडवला. जुन्याच्या प्रेमातूनच नवे निर्माण होते. कायदा प्रेमास मनाई करीत नाही. तो त्याला शिस्त लावतो.

म्हणून ज्याला आवडत्या खेळावरून खेळ रचावयाचा असेल, त्याने आरंभीच तीन गोष्टी तपासाव्यात. ती कृती मुदत संपून सर्वांची झाली आहे काय? नसल्यास हक्कदाराने संमती दिली आहे काय, आणि दिली असल्यास कोणत्या अटींवर? दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर केवळ कल्पना घेऊन नाव, पात्रे, चित्रे व संगीत ही सर्व आपली स्वतःची करता येतील काय? पुष्कळदा हा तिसरा मार्गच उत्तम ठरतो. वसमतचे ते विद्यार्थी हळदीच्या शेतांमधून सायकल हाकणारा, आपल्याच बोलीत बोलणारा असा एखादा नवा नायक निर्माण करू शकतील. त्याचे चित्र त्यांनी रेखाटले, त्याची आज्ञावली त्यांनी लिहिली, की त्याच क्षणी, कोठेही अर्ज न करता, ते त्या खेळाचे मालक होतील. मग उद्या दुसरा कोणी त्यांच्या नायकावर खेळ रचू लागला, तर त्याला परवानगी मागण्यासाठी वसमतला यावे लागेल.

अभ्यास

१. ‘हळद पिकवण्यास मनाई नाही; नाव वापरण्यास आहे.’ हे तत्त्व स्क्रॅब्युलसच्या खटल्यात कसे लागू पडले, ते सांगा.
२. कल्पना आणि कृती यांतील फरक एक स्वतंत्र उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. मिल्टन ग्वास्ती आणि ख्रिश्चन व्हाइटहेड यांच्या अनुभवांत फरक कशामुळे पडला?
४. स्वामित्वहक्काला मुदत नसती, तर काय झाले असते? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.